‘मीठ कमी’चा दिवा

अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये आता पोहण्याचे पूल झाले आहेत. नागाव, आक्षी, रेवदंडा, किहीम, कुठेही जा. मुंबई-पुण्याहून येणारा पाहुणा खोलीचं भाडं विचारण्याआधी पूल आहे का ते विचारतो. पूर्वी या पुलांमध्ये लिक्विड क्लोरिन नाहीतर गोळ्या पडत. अलीकडे बऱ्याच ठिकाणी मिठापासून क्लोरिन करणारं यंत्र बसलं आहे. पाण्यात थोडं मीठ विरघळवायचं, फिल्टरमधून निघालेलं पाणी यंत्राच्या सेलमधून न्यायचं, तिथं वीज मिठातून क्लोरिन सुटं करते आणि ते पाण्याबरोबर पुलात जातं. क्लोरिनचं काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं. चांगली रचना आहे. पण पाऊस सरला आणि दिवाळीची बुकिंगं सुरू झाली की याच यंत्राबद्दल वाडीवाडीत कुरबूर ऐकू येते.

खालच्या संवादातली दोन माणसं मी या लेखासाठी उभी केली आहेत; वाद मात्र खरा आहे. वहिनी नागावच्या वाडीत चार खोल्या आणि एक पूल चालवतात. त्यांचे दीर रासायनिक कारखान्यात उपकरणांच्या विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे ४८ हजार लिटरचा. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे. पाणी पोपटी झालंय आणि यंत्रावर ‘मीठ कमी’चा दिवा पेटलेला आहे.

वहिनी : भाऊजी, स्पष्टच सांगते, हे यंत्र काढून टाका. दिवा लागला म्हणून ५० किलो मीठ ओतलं. दिवा तसाच. आणखी ५० किलो ओतलं, तरी तसाच. आता म्हणे आणखी एक गोण टाकून बघा. शुक्रवारी पाहुणे येतायत आणि पाण्याचा रंग बघा. आधी कामावरचा पोरगा रोज संध्याकाळी लिक्विड ओतायचा, तेव्हा ही कटकट नव्हती.

भाऊजी : मीठ टाकण्याआधी पाण्यात किती मीठ आहे ते मोजलं होतंत?

वहिनी : मी कशाला मोजू? यंत्रच सांगतंय की कमी आहे.

भाऊजी : यंत्र मीठ मोजतच नाही, वहिनी. सेलमध्ये टायटॅनियमचे पत्रे असतात, त्यांच्यावर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. त्या पत्र्यांमधून वीज किती वाहते तेवढंच यंत्राला कळतं. अपेक्षेपेक्षा कमी वाहिली की ते ‘मीठ कमी’ म्हणतं. आता वीज कमी का वाहिली? मीठ खरंच कमी असेल. पत्र्यांवर क्षाराचा थर चढला असेल. लेप झिजला असेल. नाहीतर खाऱ्या हवेनं तारेचं टोक गंजलं असेल. कारण कुठलंही असो, दिवा तोच पेटतो.

वहिनी : मग त्या दिव्याचा उपयोग काय?

भाऊजी : आत काहीतरी बिघडलंय एवढं कळतं. काय बिघडलंय ते आपण शोधायचं.

वहिनींचा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. यंत्रावर शब्द छापलेत ‘मीठ कमी’, आणि वाचणारा माणूस मीठच ओतणार. तिथं ‘वीज कमी वाहते आहे’ असं छापलं असतं, तर कितीतरी गोण्या वाचल्या असत्या. बनवणाऱ्यांनी सोय म्हणून अर्थ आपणच लावून दिला आणि चार कारणांतली तीन झाकली गेली.

भाऊजींनी पुलाच्या मधून, कोपरभर खोलवरून बाटलीत पाणी घेतलं आणि थेंब टाकून मीठ मोजायच्या किटनं तपासलं. लिटरला ४.२ ग्रॅम. यंत्राला लागतं ३ ते ३.५. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतं, त्यामुळे जिभेला हे पाणी जेमतेम खारट लागतं आणि चवीवरून काही ठरवता येत नाही.

भाऊजी : हे बघा. तुम्ही टाकलेलं १०० किलो म्हणजे लिटरमागे २ ग्रॅमहून थोडं जास्त. म्हणजे आधी २.१ होतं. पहिल्या ५० किलोतच ते ३.१ झालं, तिथंच थांबायचं होतं. दिवा विझला नाही याचा अर्थ दोष दुसरीकडे होता.

वहिनी : पण २.१ तरी का झालं? गेल्या दिवाळीत तर भरपूर टाकलं होतं. यंत्र मीठ खात नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत.

भाऊजी : यंत्र खात नाही, पाऊस नेतो. पुलाचं तोंड ३२ चौरस मीटर. आपल्याकडे पावसाळ्यात २ मीटर पाऊस सहज पडतो. म्हणजे ६४ हजार लिटर पाणी वरून आलं, पुलात मावतं त्याच्या सव्वापटीहून थोडं जास्त. ते आलं तेवढंच काठावरून बाहेर गेलं. आलेला प्रत्येक थेंब नीट मिसळून बाहेर पडला असता, तर पाव हिस्साच मीठ उरलं असतं. गोडं पाणी वर तरंगतं आणि वरच्यावर निघून जातं, शिवाय मुसळधार पावसात तुम्ही पंप बंद ठेवत होतात, म्हणून जास्त उरलं.

हा हिशेब यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकात सापडायचा नाही. ती पुस्तकं जिथं लिहिली जातात, तिथं हिवाळ्याची काळजी असते. पाणी साधारण १५ अंशांखाली गेलं की सेल थांबतो, हे त्यांत ठळक छापलेलं असतं. नागावच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला जून ते सप्टेंबरचं पान हवं आहे, आणि तेच कुणी लिहिलेलं नाही.

वहिनी : बरं, मीठ पुरेसं आहे. मग दिवा का?

भाऊजी : चला पंपाच्या खोलीत.

खोलीत शिरताच भाऊजी थबकले. सेलच्या आधी पाइपवर फ्लो स्विच असतो. पाणी वाहत असेल तरच तो सेलला वीज घेऊ देतो. त्याच्या दोन तारा सोडवून एकमेकींना जोडल्या होत्या, वर काळी टेप.

भाऊजी : हे कुणी केलं?

वहिनी : इलेक्ट्रिशियननं. पावसात यंत्र सारखं बंद पडत होतं. तो म्हणाला, स्विच खराब आहे, डायरेक्ट करून देतो. तेव्हापासून बंद पडलं नाही.

भाऊजी : वहिनी, हे आत्ता, पहिल्यांदा सोडवायचं, बाकी सगळं मागाहून. सेलमध्ये नुसता क्लोरिन होत नाही, हायड्रोजनही होतो. पाणी वाहत असलं की तो बुडबुड्यांनी पुलात जातो आणि हवेत विरतो. पाणी थांबलं आणि सेल चालू राहिला, तर तो तिथंच साठतो. क्लोरिन आणि हायड्रोजन, बंद पाइपमध्ये. एखादी ठिणगी पडली की सेल फुटतो. पोरगा रोज याच खोलीत व्हॉल्व्ह फिरवायला येतो.

वहिनी : मला कुणी सांगितलं असतं तर मी हे करू दिलं असतं का?

भाऊजी : नसतं करू दिलंत. पण स्विच खराब नव्हता. तो खरं तेच सांगत होता. बघा, पंपाची जाळी पोफळीच्या फुलोऱ्यानं गच्च भरलीय. सँड फिल्टरचा काटा किती वर आलाय. बॅकवॉश शेवटचा कधी केला? पाणीच कमी वाहत होतं, म्हणून तो यंत्र थांबवत होता.

इथं मी कुणाचीच बाजू राखून बोलणार नाही. फ्लो स्विच डायरेक्ट करणं ही दुरुस्ती नाही, तो गुन्हा आहे. यंत्र चालू ठेवण्याच्या घाईत माणसाला वाचवणारा एकुलता एक भाग काढून टाकायचा आणि वर ‘आता बंद पडत नाही’ म्हणून पैसे घ्यायचे, हे कुठल्याही कारागिरानं करू नये आणि कुठल्याही मालकानं करू देऊ नये. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी त्या दोन तारा बघून याव्यात.

तारा पुन्हा जागेवर आल्या. जाळी धुतली, बॅकवॉश झाला. मग मुख्य स्विच बंद करून, व्हॉल्व्ह बंद करून भाऊजींनी सेल उघडला. पत्र्यांच्या फटी पांढऱ्या थरानं बुजल्या होत्या.

वहिनी : हे काय, मिठाचं?

भाऊजी : मिठाचं नाही, मीठ विरघळलेलंच राहतं. हा कॅल्शियमचा थर. गोणी कुठून आणलीत?

वहिनी : पेणकडच्या आगरातलं खडेमीठ. आपल्याच बाजूचं, स्वस्त आणि ताजं. घरात लोणच्यालाही तेच वापरते.

भाऊजी : लोणच्याला उत्तम. पण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतंच, आणि आगरात सुकवलेल्या खड्यात ते थोडं उतरतं. माणसाला त्याचं काही नाही. सेलमध्ये मात्र पत्र्याजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि हे सगळं तिथंच बसतं. शिवाय आपल्या विहिरीचं पाणी जड आहेच. यंत्राला रिफाइन्ड मीठ घालायचं. आयोडिनचा लोक बाऊ करतात, ते इतकं थोडं असतं की त्यानं काही बिघडत नाही, कॅल्शियम बघायचं. आणि पीएच. मिठाच्या पुलात बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच सारखा वर सरकतो. तुमचा आत्ता ८.२ आहे. ७.४ ते ७.६ ठेवला असता तर एवढा थर बसलाच नसता.

वहिनी : म्हणजे मीठही मोजा, पीएचही मोजा, जाळी बघा, मीठ कुठलं ते बघा. विकायला आलेला माणूस म्हणाला होता, काकू, मीठ टाका आणि विसरून जा. मी त्या शब्दावर पैसे दिले. लिक्विडचा कॅन कमीत कमी खोटं तरी बोलत नव्हता. ओतलं की क्लोरिन, नाही ओतलं की नाही. ज्या पोराला सहावीपलीकडे शाळा मिळाली नाही त्यालाही ते कळत होतं. तुमचं यंत्र कळायला तुम्हीच लागता.

या भाषणात मला तरी खोडण्यासारखं काही दिसत नाही. ‘देखभाल नको’ म्हणून विकलेली वस्तू देखभालीअभावी बिघडली, तर दोष वापरणाऱ्या बाईंचा कसा? यंत्र क्लोरिन तयार करतं. पाण्यात किती क्लोरिन उरलं आहे, ते त्याला माहीत नसतं. रोज ओतण्याचं काम त्यानं घेतलं, बघण्याचं काम माणसाकडेच राहिलं, आणि विकताना हे दुसरं वाक्य गाळलं गेलं.

भाऊजी : विकणाऱ्याचं मी समर्थन करत नाही. पण लिक्विड खोटं बोलत नाही, हे तितकंसं खरं नाही. कॅन कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात १०-१२ टक्के क्लोरिन असतं. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उकाड्यात, ते आठवड्या-आठवड्याला उतरत जातं. पोरगा दीड लिटर ओततो, त्यात क्लोरिन दीड लिटरचं आहे की पाऊण लिटरचं, ते त्याला कळत नाही. कॅन उचलताना डोळ्यांत उडालेलं तुम्हीच धुतलंय.

वहिनी : धुतलंय. आणि हेही सांगते की लिक्विडनं माझ्या पोफळी वाळल्या नाहीत. हे खारट पाणी काठावरून वाहतं, कुठे जातं? माझ्या वाडीत. नारळाला आपण मीठ घालतोच, त्याला चालतं. पोफळीला आणि आंब्याला चालत नाही.

भाऊजी : ही तुमची सगळ्यांत मोठी तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. पावसाआधी ३.२ होतं असं धरलं, तर २.१ होईपर्यंत ५० किलोच्या वर मीठ वाडीत उतरलं. एक चर खणून ते नारळांकडे वळवायलाच हवं. पण लिक्विडमध्येही मीठ असतं, वहिनी. ते तयार होतानाच क्लोरिनच्या जोडीनं मीठ बनतं, आणि पाण्यात क्लोरिन खर्च झालं की त्याचंही मीठच होतं. रोज ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम, क्लोरिन लिक्विडनं दिलंत, तर लिटरला रोज ५ मिलिग्रॅम मीठ वाढतं. पावसाळा सोडून आठ महिने धरले तर १.२ ग्रॅम. दिसत नव्हतं म्हणून नव्हतं असं नाही.

वहिनी : १.२ आणि ४.२ यात फरक आहे की नाही?

भाऊजी : आहे. मान्य.

सेलचा थर कसा काढला ते थोडक्यात सांगतो, कारण घरोघर इथंच नुकसान होतं. प्लास्टिकच्या बादलीत चार भाग पाणी घेतलं आणि त्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड हळूहळू ओतलं. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. फेस यायचा थांबला की थर गेला, लगेच सेल बाहेर काढून धुवायचा. स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं नाही आणि दर महिन्याला हौसेनं ॲसिडात बुडवायचंही नाही, दोन्हींनी लेप जातो आणि लेप गेला की सेल गेला. वहिनींच्या पंपखोलीत ॲसिडचे आणि लिक्विड क्लोरिनचे कॅन एकमेकांना टेकून ठेवलेले होते. ते दोन्ही एकत्र सांडले तर विषारी क्लोरिन वायू निघतो. ॲसिड त्याच दिवशी दुसऱ्या टोकाच्या पडवीत गेलं.

सेल परत बसवला, पंप सुरू केला. पारदर्शक नळीत बारीक पांढरे बुडबुडे दिसायला लागले. थोड्या वेळानं यंत्रावर वेगळाच दिवा आला : ‘मीठ जास्त’.

वहिनी : आता?

भाऊजी : आता ते खरं बोलतंय. पत्रे स्वच्छ झाले, ४.२ ची वीज पूर्ण वाहायला लागली. ३.४ वर आणायचं तर नऊ हजार लिटरच्या आसपास पाणी काढून विहिरीचं गोडं पाणी भरायला हवं. विहीर आत्ता भरलेली आहे म्हणून बरं. आणि ते काढलेलं पाणी नारळांना.

वहिनी : म्हणजे पैसे देऊन मीठ टाकलं आणि आता पंप लावून काढायचं. बरं, काढू. मग शुक्रवारपर्यंत पाणी निळं होईल ना?

भाऊजी : यंत्रानं नाही होणार. आपला सेल तासाला २० ग्रॅम क्लोरिन करतो. आठ तासांचे १६० ग्रॅम. ४८ हजार लिटरमध्ये ते ३.३ पीपीएम होतात. स्वच्छ पाणी स्वच्छ ठेवायला तेवढं पुरतं, शेवाळ मारायला नाही. शिवाय पावसानं मिठाबरोबर स्टॅबिलायझरही नेलाय.

वहिनी : तो कशाला लागतो?

भाऊजी : उन्हासाठी. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात क्लोरिन ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात निम्म्यावर येतं. गोळ्या टाकल्या की त्यांतून तो आपोआप येतो, उलट वाढून बसतो. यंत्र क्लोरिन करतं, स्टॅबिलायझर करत नाही. अडीच किलो घेऊ, कापडी पिशवीत घालून पाणी परत येतं त्या तोंडासमोर टांगू, दोन-चार दिवसांत विरघळेल. आणि शेवाळासाठी आज संध्याकाळी पाच लिटर ताजं लिक्विड, म्हणजे दहा पीपीएमच्या आसपास. ब्रशनं भिंती घासायच्या, पंप रात्रभर चालू. मोजत राहायचं, उतरलं की पुन्हा ओतायचं.

वहिनी : बघा, शेवटी लिक्विडच!

भाऊजी : हो. लिक्विड घरात असायलाच हवं. यंत्र आलं म्हणून त्याला हद्दपार करणं ही माझी सूचना नव्हती.

वहिनी : आणि झालं हे कसं कळणार? माझ्याकडे ग्रामपंचायतीतून मिळालेलं ओटीचं किट आहे. थेंब टाकला की पिवळं होतं.

भाऊजी : नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही एवढं बघायला ते ठीक. पुलात ते फसवतं, कारण कामाचं क्लोरिन आणि घामालघवीशी जुळून निकामी झालेलं क्लोरिन, दोन्हींना ते पिवळंच होतं. पुलाला नाक झोंबणारा वास येतो ना, तो त्या निकामी क्लोरिनचा. डीपीडीचं किट घ्या, ते गुलाबी होतं आणि दोन्ही वेगळी दाखवतं. त्यातही एक ध्यानात ठेवा : क्लोरिन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि शून्य असल्यासारखं वाटतं. तसं झालं तर नमुन्यात क्लोरिन नसलेलं पाणी घालून तो दुप्पट-चौपट करून पुन्हा बघायचं. मग सूर्य मावळल्यावर एकदा मोजायचं, ऊन यायच्या आत पुन्हा मोजायचं, मधे सेल बंद. रात्रभरात १ पीपीएमहून कमी उतरलं तर शेवाळ मेलं. जास्त उतरलं तर अजून काहीतरी ते खातंय, कारण रात्री ऊन नसतं.

संबंध संवादात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही रात्रीची चाचणी. तिला यंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही. क्लोरिन कमी का पडतं, ते तयार होत नाही म्हणून, ऊन जाळतं म्हणून की घाण खाते म्हणून, एवढा मोठा गुंता दोन वेळच्या मोजण्यानं सुटायला लागतो. नवा सेल घ्यायचा विचार मनात येईल, त्या आधीची रात्र तरी या चाचणीला द्यावी.

वहिनी : हे सगळं ठीक. पण तुम्ही पुढच्या महिन्यात अलिबागला घरी बसाल. मी काय ठरवलंय ते ऐका. पावसाळ्यात हे यंत्र बंद. जून ते सप्टेंबर लिक्विड. पाहुणेही तेव्हा कमीच असतात, आणि वाहून जाणाऱ्या पाण्यात मीठ ओतत बसणार नाही. पाऊस गेला की आधी मोजायचं, मग मीठ. पोराला एक दिवसाआड मोजून वहीत लिहायला शिकवा, मला नाही, त्याला. त्यानं लिहिलं नाही तर यंत्र चालू करायचं नाही.

भाऊजी : पटलं. पावसाळ्यात यंत्र बंद ठेवायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वहिनी : आणि सेल?

भाऊजी : सेलचं आयुष्य साधारण सात ते दहा हजार तासांचं. दिवसाला आठ तास धरले तर तीन वर्षांच्या आसपास, तुमच्यासारखं चार महिने विश्रांती दिली तर आणखी. मीठ मोजून ३.४ असताना, पत्रे स्वच्छ असताना, तारा घट्ट असतानाही दिवा ‘मीठ कमी’ म्हणाला, तर लेप संपला. तेव्हा नवा घ्यावा लागेल.

वहिनी : तो घ्यायचा की पुन्हा कॅनवर जायचं, ते वहीतले आकडे बघून मी ठरवीन. तुम्ही आत्ता ठरवू नका.

भाऊजी : नाही ठरवत. पण शुक्रवारचं एक मात्र मला ठरवू द्या. खोल बाजूच्या तळाची जाळी आत्ता दिसत नाहीये. तळ दिसत नसेल तर पुलात कुणालाही उतरवायचं नाही, मग पाण्यात क्लोरिन कितीही असो. बुडालेलं पोर अशा पाण्यात वरून दिसत नाही.

वहिनी : चारही खोल्या पुलासाठीच बुक झाल्यात.

भाऊजी : माहीत आहे.

वहिनी : मग मी आत्ताच फोन करते. यायचं असेल तर या म्हणते, पूल शनिवारी सकाळी तळ दिसला तरच, नाहीतर खोलीचे पैसे परत. तुम्ही लिक्विडचा ताजा कॅन मागवा, शेडमधला जुना नको.